तुळजाबाईचा हात

"अण्णांनी हात वर केला की तूबी करायचा. बोलायचं काय न्हाई," माझे वडील, दादा, आईला म्हणाले.

भाकरी थापता थापता आईने मान हलवली.

महाराष्ट्र राज्य झालं आणि ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा आल्या. दादांचे चुलतभाऊ हैबतअण्णा सरपंच होते. घरातलीच बाई बरी, म्हणून त्यांनी आईचं, तुळजाबाईचं, नाव लावलं. आईला कुणी विचारलं नव्हतं. दळण, शेणकूर, भाताची खाचरं, नदीवरचं पाणी. त्यात आता चावडीची भर.

त्या दिवशी तिने मलाही बरोबर नेलं. पुरुष घोंगडीवर बसले, आई उंबऱ्याशी. सरकारी विहीर मंजूर झाली होती.

"आपल्या मळ्यात घेऊ," अण्णा म्हणाले.

मळा आमच्या दाराशीच. माझ्याही डोक्यावरची कळशी जाणार म्हणून मी खूश झाले.

"आन् आमी वाडीवाल्यांनी काय करायचं?" कातकरवाडीचा कोंडीबा दाराबाहेरून म्हणाला. "माझी सून नदीच्या चढावर घागरीसकट पडली. पोटातलं पोर गेलं."

अण्णांनी हात वर केला. आणखी काही हात वर झाले. आईचा हात मांडीवरच राहिला. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, दादांनी खाकरून पाहिलं. तिने मान खाली घातली. हात हलला नाही. एक हात कमी पडला, मळ्याचा ठराव बारगळला आणि विहीर वाडीला गेली.

"तुझ्याच डोईवरचं वझं उतरलं असतं," घरी आल्यावर दादा म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली आणि घागर घेऊन नदीकडे निघाली. मी रुसून घरातच बसले.

आठवड्याच्या आत अण्णांनी राजीनाम्यावर तिचा अंगठा घेतला. तिच्या जागी अण्णांच्या बायको चंद्राबाईकाकी बसू लागल्या. दादा किती तरी दिवस आईशी धड बोलले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही डोंगरावरून मोळ्या घेऊन उतरत होतो. वाडीच्या नव्या विहिरीवर कोंडीबाची सून कमळ पाणी शेंदत होती. आईने मोळी टाकली आणि धापा टाकत खाली बसली.

"वाईच पानी दे गं."

कमळ घोटाळली. "आमच्या घागरीतलं चालंल तुमास्नी?"

आईने ओंजळ पुढे केली. कमळ हळूहळू ओतत राहिली. आई डोळे मिटून प्याली, मग ओले हात चेहऱ्यावरून फिरवून तशीच बसून राहिली. मी उठायची घाई केली, पण ती कमळच्या भरत चाललेल्या घागरीकडे बघत राहिली.