दहावं कार्ड

"जीभ हाय का शिलाई मशीन," वच्छलाबाई पुटपुटली.

शेजारी बसलेल्या मदिनानं बाकाखालून तिच्या पायावर पाय दिला. "गप बस. ऐकू जाईल."

पुढच्या बाकावर पूनम इंग्रजीत घडाघडा बोलत होती. कँटीनच्या भिंतीला टेकवलेल्या फळ्यापाशी हौसराव गुरुजी उभे. शिरूरच्या शाळेतून निवृत्त झालेले. पूनमच्या प्रत्येक शब्दाला त्यांची मान डोलत होती.

शिरूरजवळच्या त्या कारखान्यात गाड्यांचे बल्ब बनत. दोन हजार चार साल. परदेशातून पाहुणे येणार होते, बायकांशी बोलणार होते. म्हणून पंधरा दिवस रोज अर्धा तास इंग्रजी. जी नीट बोलेल तिला सुपरवायझर करू, कायम करू, असं साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं होतं.

वच्छलाबाई सातवी शिकलेली. पूनम बारावी पास, येऊन दहा महिने झालेली. बल्ब कानाशी हलवून आतली तार सुटलीय का ते ओळखायला तिला वच्छलाबाईनंच शिकवलं होतं. तेव्हा पोरीला नुसता पंखा ऐकू यायचा.

गुरुजींनी फळ्यावर वाक्य लिहिलं आणि वाचलं. "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन मन्थ्स. काम मागं सुरू झालं, अजून चालू आहे, मध्ये खंड नाही, तेव्हा असं बोलायचं. दहा महिने हे साहेबांनी दिलंय. सगळ्यांनी तेवढंच म्हणायचं."

"आन् मधी खंड पडला आसंल तर?" वच्छलाबाईनं विचारलं.

कुणी मागं वळून बघितलं नाही. अकरा महिने भरले की कारखाना प्रत्येकीला आठ दिवस घरी बसवायचा. त्याला ब्रेक म्हणत. परत आलं की नवं कार्ड, नवा नंबर, कागदावर पहिलाच दिवस. बायका त्या आठ दिवसांत लग्नं उरकत, खुरपायला जात. एकूण किती वर्षं झाली, हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे. वच्छलाबाईच्या पिठाच्या डब्यामागं नऊ जुनी कार्डं होती. गळ्यातलं दहावं.

गुरुजींनी डस्टर उचललं.

निमोणे गावात घरी भाकरी थापताना ती वाक्य घोकायची. भिमाजी, तिचा नवरा, दारातून विचारायचा, "कुणाला शिव्या देतीस गं?"

"तुम्हाला न्हाई. दुसरंच हाय कुणीतरी."

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी तिनं पूनमच्या भरलेल्या ट्रेमध्ये एक खराब बल्ब सरकवला. तपासणीत सापडला की पूनमच्या नावावर शेरा. दहा मिनिटं वच्छलाबाईचा हात चालेना. मग उठली, बल्ब काढला, कानाशी हलवला.

"तार सुटलीया ह्याची."

"सगळे ऐकले होते की मावशी मी."

"नीट ऐकत जा," ती म्हणाली आणि पूनमकडे न बघता जाग्यावर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पाहुणी आली. उंच, पांढऱ्या केसांची बाई. साहेबांनी तिला थेट पूनमपाशी नेलं. पूनमनं वाक्य म्हटलं. टेन मन्थ्स. तिच्यापुरतं ते खरंही होतं. पाहुणी हसली, साहेब त्याहून जास्त हसले.

तेच वाक्य. वच्छलाबाईलाही येत होतं. तव्याला, बंबाला, बसच्या खिडकीला म्हणून दाखवलं होतं. आणि पाहुणी पुढं निघाली होती.

"आय हॅव बीन वर्किंग हिअर," ती एकदम मोठ्यानं म्हणाली.

पाहुणी थांबली. टेन ओठांवर आलेलं. पण टेन पूनमचं होतं, उष्टं.

"फॉर नाइन..." म्हणाली आणि अडली. पुढचा शब्द गुरुजींनी शिकवलाच नव्हता.

"नाइन मन्थ्स?" पाहुणीनं विचारलं.

"येस, येस. मन्थ्स," साहेब म्हणाले. मग त्यांनी पूनमकडे बघितलं.

पूनमच्या हातात बल्ब होता. तिनं तो कानाशी नेला, हलवला, सावकाश ट्रेमध्ये ठेवला.

"इयर्स," ती म्हणाली. "मावशी नाइन इयर्स, मॅडम."