तीन हात अंतर

नवऱ्याची खाट गोठ्यात नेऊन टाकली ती कमलबाईनंच, आणि टाकताना अशी आपटली की खाटेचा एक पाय कायमचा वाकडा झाला. बैल दचकले. सुकदेव मुकाट्यानं त्या वाकड्या खाटेवर जाऊन बसला.

नरडाण्यापासून दोन कोसांवरचं गाव. आदल्या पावसाळ्यात सुकदेवला मेंदूज्वर झाला. धुळ्याला एकवीस दिवस तो बेशुद्ध पडून होता आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर उठला. घरी आला तो जवळपास पहिल्यासारखाच. वखर धरायचा, माणसं ओळखायचा, भाकरीला नावं ठेवायचा. फक्त एक खोड नवी लागली. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या अगदी अंगाला भिडून उभा राहायचा. त्याचा श्वास समोरच्याच्या गालावर यायचा.

पुरुषांना तो भिडला तेव्हा लोक हसले. न्हाव्याला भिडला, पिठाच्या गिरणीवाल्याला भिडला, एकदा तर मारक्या गोऱ्ह्याच्या शिंगांना छाती लावून उभा राहिला. येडा झाला, म्हणाले, आणि विषय संपला. पण घरात धाकट्या भावाची, झुलालची बायको होती, कुंदाबाई. तिनं जेठापुढून, म्हणजे थोरल्या दिरापुढून, पदर ओढून जायचं आणि त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही, असा घराचा रिवाज. ती चुलीपाशी बसली की हा येऊन तिच्या पाठीला टेकेल असा उभा राहायचा आणि पाणी मागायचा. मागे सरा म्हणावं तर तोंड उघडायची सोय नाही. हातातलं टाकून ती पळत सुटायची.

झुलालनं मोठ्या भावाला बैलाच्या पराणीनं मारलं.

"तुले लाज नही वाटस?"

"काय झायं रे? मी काय करं?" सुकदेव विचारत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपाशी उभा.

कमलबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षं संसार केलेला माणूस असा निघावा? आठ महिने ती त्याच्याशी बोलली नाही. ताट गोठ्याच्या उंबऱ्यावर सरकवायची आणि वळायची. भाऊबंदांमधले वडीलधारे जीवराम आबा यांनी अखेर निकाल दिला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कुंदाबाई माहेरी जाईल, आणि सुकदेव घरात असेपर्यंत परतणार नाही असं तिनं सासूला सांगितलंय. तेव्हा आखाजीआधी सुकदेवनं मळ्यातल्या झोपडीत जायचं, गावात पाय ठेवायचा नाही. कमलबाईनं मान हलवली. तिला वाटलं, बरं झालं.

आखाजीला चार दिवस असताना ती त्याला गोळ्यांसाठी धुळ्याला घेऊन गेली. तपासणीच्या खोलीत सुकदेव खुर्चीवर बसलाच नाही. टेबलाला वळसा घालून डॉक्टरच्या नाकाला नाक लावून उभा राहिला. कमलबाई त्याला ओढायला धावली, तर डॉक्टरनं तिला हातानं थांबवलं. सुकदेवला त्यानं भिंतीशी उभं केलं आणि स्वतः दाराशी गेला.

"मी चालत येतो. नकोसं वाटलं की थांब म्हणा."

डॉक्टर चालत आला. तीन हात, दोन हात, एक हात. बुटाचं टोक सुकदेवच्या अंगठ्याला लागलं. सुकदेव हसून बघत राहिला. मग काही न बोलता डॉक्टर कमलबाईकडे वळून चालू लागला. चार पावलांवर असतानाच ती पदर सावरत मागे सरली.

"तुम्हाला आत्ता मागे कुणी ओढलं?" डॉक्टरनं विचारलं. "मी तर काहीच म्हणालो नाही. आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक तुकडा असतो. माणूस फार जवळ आला की तो आतून बजावतो. तापात यांचे दोन्ही तुकडे गेले. यांना जवळ-लांब डोळ्यांना दिसतं, अंगाला कळत नाही."

"म्हंजे बाईना नाद नही?"

"बाई काय, पुरुष काय, यांना सारखंच. औषध नाही याला. पण सांगितलेलं कळतं त्यांना. मागे सरा असं शब्दांत सांगा, सरतील. कुणी सांगितलं होतं का आजवर?"

परतीच्या एसटीत कमलबाईनं एकेकाचं तोंड आठवून पाहिलं. झुलालनं पराणीनं सांगितलं. गावानं थुंकून सांगितलं. कुंदाबाईला बोलायची बंदी. आणि आपण? आपण खाट आपटली. तिला स्वतःची इतकी चीड आली की सोनगीर येईपर्यंत तिनं दातांखालचा पदर सोडला नाही.

घरी ओट्यावर जीवराम आबा आणि झुलाल सुकदेवची मळ्यात निघायची तयारी बघायलाच बसले होते. कमलबाईनं सगळं सांगितलं. आबा म्हणाले, "डॉक्टर लोक काय बी सांगतस."

"झुलाल, ऊठ," ती म्हणाली. "मारं ना तू त्याले? तीच परानी उचल आनी चाल त्याना आंगवर."

झुलाल उठला, तोही रागातच. पराणीचं लोखंडी टोक पुढे धरून चालत गेला. ज्या काठीनं पाठ फोडली होती ती काठी समोरून येत होती आणि सुकदेव जागचा हलला नाही. टोक सदऱ्याला लागलं. सुकदेवनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवना का रे, झुलाल?"

मागे सरला तो झुलाल.

कमलबाई दाराकडे वळली. "कुंदा, तू सांग त्याले."

"सून जेठसंगे बोलस का कधी?" आबा म्हणाले.

"बोलती तर हाई येळ नही येती," कमलबाई म्हणाली. "तुमना रिवाज तुमना घर ठेवा, आबा."

कुंदाबाई दारातच उभी होती. तिची भीती काही खोटी नव्हती आणि एका दिवसात जाणारी नव्हती. सुकदेव तिच्याकडे निघाला, नेहमीसारखा, सरळ. तो हातभरावर आला तेव्हा पदराआडून बारीक आवाज आला.

"भाऊ, मांगे सरा."

सुकदेव थांबला. एक पाऊल मागे गेला. "इतलं?"

"आजून."

तो आणखी दोन पावलं सरला आणि जिथं थांबला तिथं टाचेनं मातीत रेघ ओढली.

"बस."

"पहिलेच सांगनं व्हतं ना, बेटा," सुकदेव म्हणाला.

आबा चपला शोधू लागले. कमलबाई गोठ्यात गेली, वाकड्या पायाची खाट डोक्यावर घेतली आणि घराकडे निघाली. खाट जड होती. झुलाल हात लावायला पुढे आला.

"मांगे सर," ती म्हणाली.