वाटणीला आलेली गाडी

"उघडू नकोस रे. पावडर मिळते, रेडिएटरमध्ये टाक. गळती बसते आपोआप," थोरला कुंपणाच्या तारेवर हात टेकून पुन्हा म्हणाला.

"दादा, पावडर तोंडाला लावतात," धाकटा म्हणाला आणि त्यानं बोल्टवर पाना चढवला.

जुनी पिकअप. कालपासून घटाघटा पाणी पीत होती, पांढरा धूर ओकत होती आणि ऑइल बघावं तर दुधाळलेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या टोपणाखालचा पत्रा, गेलं, हे आम्हा शेजाऱ्यांनाही कळत होतं. आमच्याच टोमॅटोचे क्रेट त्याच्या शेडमध्ये रचलेले. ऊन असं की बॉनेटला हात लावला तर कातडी निघावी. आज गाडी हलली नाही तर माल उकिरड्यावर, आणि आम्ही उद्यापासून दुसऱ्याची गाडी सांगणार. मग धाकट्यानं खायचं काय? वाटणीत विहिरीचं रान थोरल्याकडं गेलं. धाकट्याच्या पदरात खडकाळ माळ आणि ही गाडी. "इंजिनाला अजून पाना लागलेला नाही, सोनं देतोय तुला," असं थोरला चार माणसांत, आईसमोर बोलला होता. आम्ही माना डोलावल्या होत्या. आम्हीही बैलच.

धाकट्याची बायको एकेक बोल्ट घेऊन पुठ्ठ्याच्या भोकात खोचत होती, जिथला तिथं. दोघांनी मिळून हेड उचललं, पोत्यावर ठेवलं. धाकटा ब्लेडनं जुनं गॅस्केट खरवडायला वाकला आणि तसाच राहिला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"हात लावून बघ."

तिनं नख घातलं. एक पत्रा सुटला. खाली दुसरा.

"अहो, दोन आहेत."

नवीन इंजिनात एकच असतं. दोन कधी घालतात, तर हेड तापून वाकतं, ते घासून सपाट करतात. जास्त घासलं की बुटकं होतं, मग उंची भरायला एकावर एक. पाना लागला नाही म्हणे. इथं तर पुरती चिरफाड होऊन टाके घातलेले.

थोरला तारेवरचा हात काढून म्हणाला, "मिस्त्रीनं केलं असेल परस्पर."

"आणि मिस्त्रीकडं गाडी एकटीच चालत गेली होती का, भाऊजी?"

"तू मधे बोलू नकोस."

"मधे कुठं? बोल्ट काढून काढून माझे हात सोलले."

धाकटा नवं गॅस्केट हातात धरून बसला. एकच आणलं होतं. एकावर हेड कसलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार, इंजिन कायमचं जाणार. तालुक्याला जाऊन यायचं तर टोमॅटोचं पाणी होणार.

थोरला घरात गेला. आम्हाला वाटलं, लाज वाटली. कसली लाज. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कोरं गॅस्केट घेऊन आला.

"घे. त्या वेळी एक जास्तीचं आणून ठेवलं होतं."

एवढं जपून ठेवलं होतं माणसानं. पुन्हा जाणार, हेही त्याला ठाऊक होतं.

धाकट्यानं ते घेतलं. नाक मुठीत धरून घेतलं, कारण क्रेट आमचे होते. दोन्ही पत्रे बसवले, मधल्या बोल्टपासून बाहेर कसत गेला, ऑइल बदललं. उन्हं कलताना गाडी खोकली, फुरफुरली आणि सुरू झाली. थोरला म्हणाला, "बघ, चालते की."

"चालते," धाकटा म्हणाला. "विहीरही चालते का? वाटणी पुन्हा मांडायची, तर उद्या तुझ्या विहिरीतला गाळ काढून बघतो. पाणी खरंच आहे की तिथंही तळाशी काही घालून ठेवलंय."

थोरला हसायला गेला आणि तसाच घराकडं वळला.

धाकट्याच्या बायकोनं ते दोन जुने पत्रे धुतले आणि कुंपणाच्या तारेला, बरोबर थोरल्याच्या दारासमोर बांधले. संध्याकाळी जाऊबाईंनी विचारलं, "हे काय लटकवलंस गं?"

"आमचा वाटणीचा कागद," ती म्हणाली आणि क्रेट चढवायला गेली.