रिठदचा पंखा

हुस्नाबानोनं ऑटोत उभा पंखा मांडीवर आडवा घेतला आणि जाळीला बांधलेली चिठ्ठी पुन्हा वाचली. ‘धनराज, रिठद. २००९.’ शाई पुसट झाली होती. पंखा मात्र चकचकीत. तिचा नवरा सादिक दर ईदेला तो पुसायचा.

वाशीमचं दुरुस्तीचं दुकान बंद केलं, तेव्हा गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या सगळ्या वस्तू त्यानं घरी आणल्या. रेडिओ, इस्त्र्या, मिक्सर. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीचं दार आता उघडत नसे, ढकलावं लागे. भंगारवाल्याचं नाव काढलं की सादिकचं एकच उत्तर असे, “लोकाईची अमानत हाय, बानो. विकाची कशी?”

शुक्रवारी नमरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. सोडायला तिची सासू येणार होती. त्या बाईनं फोनवर फार गोडीनं विचारलं होतं, खोली मोकळी आहे ना? नसेल तर नमराचं आम्हीच करू.

शेवटी हुस्नाबानोनं तोड काढली. अमानत विकता येत नाही, पण परत तर करता येते. सगळ्यात जास्त जागा पंख्यानं अडवली होती, म्हणून आधी पंखा.

“धनराज घरी नसन तं?” सादिकनं तिसऱ्यांदा विचारलं.

“बायको असन.”

“तिले काय समजते पंख्यातलं?”

“पंखा हाय तो, तुमची लेक नाई. द्याचा अन् वापस याचं.”

सादिकनं जाळीतून बोट घालून पातं हळूच फिरवलं आणि बाहेर पाहत राहिला.

रिठदमध्ये धनराजचं घर लगेच सापडलं. तो वावरात गेला होता. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, दार वीतभरच उघडलं. सादिकनं अदबीनं चिठ्ठी दाखवली.

“त्याच हप्त्यात दुरुस्त केला होता. चालू हाय,” म्हणत तो पंखा आणायला ऑटोकडे वळला.

कस्तुराबाईनं एक पाय दाराला आतून लावून धरला होता. हुस्नाबानोनं तो पाय ओळखला. शेजारीण आली की ती स्वतःही असाच लावायची. फटीतून खताच्या रिकाम्या पिशव्या आढ्यापर्यंत गेलेल्या दिसल्या. डबे, तुटके पाइप, सायकलींचे सांगाडे. मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट.

“ह्याईले दिसला तं ठेवतीनच,” कस्तुराबाई हळू बोलली. “माही बाज तं अंगनात आलीच हाय, ताई.”

निंबाखाली बाज होती. उशाशी पाण्याचा तांब्या.

सादिक पंखा खांद्यावर घेऊन आला.

“राहू द्या,” हुस्नाबानो म्हणाली. “हा धनराज तो नव्हे.”

“काहून? रिठदचाच तं—”

“नव्हे म्हनते ना.”

आणताना लागला त्याच्या निम्म्या वेळात पंखा ऑटोत परत गेला.

अर्ध्या वाटेत नमराचा फोन आला. “अम्मी, खोली झाली काय?”

सादिक चिठ्ठीची सैल झालेली गाठ आवळत होता. हुस्नाबानो त्याच्या बोटांकडे पाहत राहिली.

“झाली,” ती म्हणाली. “समोरची. आमी बाज अंगनात टाकतो.”