दोन किल्ल्यांची सही

आईचा आवाज मंगळवारी सकाळी बंद पडला. तिचा स्वतःचा आवाज अर्धांगवायूने केव्हाच नेला होता. हा दुसरा, मुलांनी करून दिलेला. गालाजवळ एक बटण होतं. गाल हलवला की पडद्यावर अक्षर निवडलं जाई आणि जुळलेलं वाक्य कॉम्प्युटर बोलून दाखवी. बटण धाकट्याने जोडलं होतं, आणि कॉम्प्युटरला ते ओळखता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, थोरलीने लिहिला होता. आई याच आवाजात दोघांची यथेच्छ खरडपट्टी काढत असे.

कॉम्प्युटरने आपल्या मनाने अपडेट घेतलं आणि जुना ड्रायव्हर चालेना. थोरलीने दुपारपर्यंत तो दुरुस्त केला. खरं गाडं पुढेच अडलं. ड्रायव्हरमधलं एक अक्षर बदललं तरी त्यावरची डिजिटल सही रद्द होते, आणि बिनसहीच्या ड्रायव्हरला कॉम्प्युटर दारातही उभं करत नाही. तिने तपासणीच बंद करून पाहिली, पण मशीन पुन्हा सुरू केलं की ती आपोआप चालू. म्हणजे रोज सकाळी आई मुकी!

सहीची किल्ली पेनड्राइव्हएवढ्या टोकनमध्ये होती आणि टोकन थोरलीच्या कपाटात. त्याचा पासवर्ड मात्र फक्त धाकट्याला ठाऊक. हा नियम आईचा. ती बँकेत तिजोरीवर होती, आणि तिथे दोन माणसांनी दोन किल्ल्या लावल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. मुलांनी अशी उपकरणं बनवायचं वर्कशॉप काढलं तेव्हा तिने तोच कायदा घरात आणला. "लोकांच्या कॉम्प्युटरात शिरायची परवानगी आहे ती. एकाच्या हातात नको," ती म्हणाली होती. तेव्हा दोघं हसली होती.

पुढे आईने कुणाकडे राहायचं यावरून दोघांचं वाजलं आणि धाकटा तरातरा निघून गेला. तेव्हापासून अबोला. तो आईला भेटायला येई तेही ताई बाहेर असताना. थोरलीचा राग नाकावर, धाकट्याचा पोटात. हट्ट मात्र दोघांचा सारखा, आणि तो कुणाकडून आला हे सांगायला नको.

अंदाजाने पासवर्ड टाकून बघावा असं थोरलीच्या मनात आलं. पण चारदोनदा चुकलं की टोकन कायमचं बंद. तिने हात मागे घेतला. आई खुर्चीतून गाल हलवत होती, पुन्हा पुन्हा हलवत होती, आणि पडदा ढिम्म. थोरलीने धाकट्याला फोन लावला.

"आईचा आवाज गेलाय. सही करायला ये."

धाकटा आला तो शर्टाची बटणं वरखाली लावून. आईचा हात हातात घेऊन जरा वेळ बसला, मग ताईकडे न बघता म्हणाला, "काय बदललंयस ते वाचल्याशिवाय पासवर्ड टाकणार नाही."

"वाच की. मी कुठे नाही म्हणतेय?"

त्याने ओळ न् ओळ वाचली. "बरं लिहिलंयस."

"उपकार झाले."

तो पासवर्ड टाकू लागला तशी थोरलीने सवयीने तोंड खिडकीकडे फिरवलं. सही उमटली, ड्रायव्हर चढला, आणि आईच्या गालाजवळचा हिरवा दिवा लागला. थोरलीचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून ती उगाच वायर गुंडाळत बसली.

धाकटा उठला. दारापाशी घुटमळला. "ताई, पासवर्ड लिहून घे. परत अडलं तर माझ्यासाठी थांबायला नको."

तो भल्यासाठीच म्हणत होता. तिने पेन घेतलं, टोपण काढलं, आणि तिला एकदम फार एकटं वाटलं.

मागे आईचा गाल हलू लागला. एकेक अक्षर पडद्यावर आलं, आणि मग तो सपाट, मशीनचा आवाज खोलीत घुमला.

"सांगू नकोस तिला."

दोघं वळून बघत राहिली. आईने डोळे वटारले होते.

थोरलीने पेनाला टोपण लावलं. "बँकेचा नियम आहे रे बाबा," ती म्हणाली. "तूच येत जा."