गोठ्यातल्या काळ्या गाडीचा भाव

मी बोलतेय, आर्गिरोच्या गोठ्यातली काळी गाडी. जरा लांबूनच ऐका. माझा स्वभाव तापट आहे, आणि दारावर कोपर टेकवून गप्पा छाटणारी माणसं तर मला मुळीच खपत नाहीत.

जन्म माझा जर्मनीतला. तिथे कारखान्यात हाडं झिजवणाऱ्या सिफिसने मला वापरलेली म्हणून स्वस्तात घेतलं, अर्धा युरोप तुडवला आणि बोटीत घालून क्रीटच्या या डोंगरात आणलं. त्याची बायको आर्गिरो दारात आली, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "मी शिवणयंत्र सांगितलं होतं."

"हिच्यात बसून शिव," सिफिस म्हणाला.

पण पुढे तीच मला तेलाच्या फडक्याने पुसायची. गावातली प्रत्येक नवरी माझ्यात बसून चर्चला गेली. मागून पुरुष आभाळात गोळ्या झाडत यायचे. आमच्याकडे आनंद झाला की बंदूक बाहेर निघते, मग लग्न असो नाहीतर कुणाला मुलगा होवो. पोटात राकीची दारू, बोट चापावर, आणि आभाळ एवढं मोठं की नेम चुकायचा प्रश्नच नाही, असा सगळ्यांचा हिशोब.

सिफिस गेल्यावर थोरला मुलगा मार्कोस मला चालवू लागला. त्याचा जिवलग मित्र स्ट्रातिस. त्या दिवशी स्ट्रातिसच्याच पुतणीचं लग्न होतं. मी चर्चच्या पायऱ्यांशी उभी होते. मागे नवरी मुसमुसत होती आणि मार्कोस मान वळवून तिला चिडवत होता, "रड रड, काजळ गालावर आलं की नवरा पळून जाईल."

वर पायरीवर स्ट्रातिस गोळ्या झाडत होता. त्याचा पाय घसरला, नळी खाली आली, आणि गोळी माझ्या छतातून मार्कोसच्या मानेत शिरली. रक्ताची चिळकांडी नवरीच्या पांढऱ्या कपड्यांवर उडाली. मार्कोस पुढे कोसळला, त्याची छाती भोंग्यावर दाबली गेली आणि मी बोंबलत सुटले. लोकांना वाटलं, मार्कोस मजेत भोंगा वाजवतोय. त्यांनी आणखी गोळ्या झाडल्या.

स्ट्रातिस तुरुंगात गेला. त्याच्या घरच्यांनी रीतीप्रमाणे गाव सोडलं, कारण मेलेल्याच्या आईसमोर त्यांनी तोंड दाखवायचं नसतं. मला गोठ्यात शेळ्यांशेजारी ढकललं. सीटवरचं रक्त आर्गिरोने कुणाला पुसू दिलं नाही. ते वाळून काळं पडलं. आणि मी? मला स्ट्रातिसचं रक्त हवं होतं. सरळ सांगते, त्यात लाजायचं काय? माझ्याच अंगात माझा माणूस मारला होता त्याने.

अशी बरीच वर्षं गेली. मग यंदा धाकट्या वार्दिसने अथेन्सहून जुन्या गाड्यांचा व्यापारी बोलावला. दालियानिस त्याचं नाव. त्याने लोहचुंबक काढून माझ्या अंगभर फिरवला. पुट्टी लावलेली असली की चुंबक चिकटत नाही म्हणे. माझ्यावर तो जागोजागी खटाखट चिकटला.

"काकू, सगळं मूळचं आहे," तो आर्गिरोला म्हणाला. "रंग मूळचा, काचा मूळच्या. चाळीस हजार युरो देतो."

"आणि छताचं भोक?" वार्दिसने विचारलं.

"ते बुजवू नका हां. सीटही तशीच राहू द्या. कोण मेलं, कसं मेलं, तेवढं कागदावर लिहून द्या. शौकीन लोकांना असलं फार आवडतं."

वार्दिसने त्याच्या तोंडावर असा गुद्दा हाणला की तो माझ्या बोनेटवरून घसरत शेणात बसला. ओठ फाटला, दात रक्ताने माखले. तसाच उठून तो म्हणाला, "बरं, पन्नास." त्याला वाटलं, डोंगरात घासाघीस अशीच करतात.

"सोमवारी ट्रक घेऊन ये," वार्दिस म्हणाला.

तो गेल्यावर आर्गिरो दुधाची बादली खाली ठेवून लेकासमोर उभी राहिली.

"पैसे कशाला हवेत रे तुला?"

"मला नकोत. तुला."

"मी काय करू? शेळ्यांना चष्मे घेऊ?"

"आई, स्ट्रातिस सुटलाय. खाली रेथिम्नो शहरात भावाकडे राहतो. त्याला उडवला की मी जन्मभर आत. मग तुझ्या पोटाचं कोण बघणार?"

"त्याचा पाय घसरला होता, वार्दिस."

"बंदूक तर हातातच होती ना?"

आर्गिरो बादली उचलून घरात गेली. म्हणजे माझा सौदा झाला की स्ट्रातिस मेला, आणि हिचा उरलेला एक मुलगाही गेला. सौदा मोडला तर आईला उघड्यावर टाकून वार्दिस जाणारा नव्हता. मला विचाराल, तर मला आनंद झाला होता. पन्नास हजार काय, फुकट न्या मला, पण त्याला मारा, असं वाटत होतं.

सोमवारी सकाळी ट्रक अंगणात लागला. वार्दिस दालियानिसबरोबर मला ट्रकवर चढवायच्या फळ्या लावायला गेला आणि आर्गिरो गोठ्यात आली. हातात वार्दिसची बंदूक होती, स्ट्रातिससाठी तेल घालून ठेवलेली. तिने शेळ्या बाहेर हाकलल्या, बंदूक खांद्याला लावली आणि माझ्यावर गोळ्या झाडायला सुरुवात केली.

आधी दिवे फुटले. मग समोरची काच फुटून मार्कोसच्या सीटवर सांडली. पाण्याची टाकी फाटली, इंजिनाच्या चिरफळ्या उडाल्या, चाकं बसली. एका लोखंडाच्या तुकड्याने तिचा गाल चिरला, तरी ती थांबेना. एप्रनच्या खिशातून आणलेल्या गोळ्या भरायची आणि पुन्हा झाडायची. मी म्हातारीला शिव्या मोजत होते. काय बिघडवलं होतं मी हिचं?

वार्दिस धावत आला. त्याने बंदुकीची नळी धरली आणि त्याचा हात भाजला.

"वेड लागलं का तुला? पन्नास हजार होते."

"होते," आर्गिरो धापा टाकत म्हणाली. "आता जा. मार त्याला. मी इथे उपाशी मरणार, तेवढं डोळ्यांसमोर ठेवून जा."

वार्दिसने आईवर हात उगारला. ती हलली नाही. गालावरचं रक्त हनुवटीवर आलं होतं. त्याचा हात तसाच राहिला आणि मग तो माझ्या फुटक्या दिव्यांशी खाली बसून हुंदके देऊ लागला.

एवढ्यात शेजारच्या गच्चीवरून फोतिनी ओरडली, "आर्गिरो, एवढ्या गोळ्या कसल्या गं? कुणाला मुलगा झाला?"

"मला," आर्गिरो म्हणाली.

दालियानिसने मला एकदा पाहिलं, फुटका ओठ चाचपला आणि फळ्या गोळा करून निघून गेला. आता भंगारवालाही माझ्यासाठी वर डोंगरात येणार नाही. स्ट्रातिस रेथिम्नोत जिवंत आहे. वार्दिस शेळ्या चारतो, आणि डोकं फिरलं की येऊन मला लाथा घालतो. राग माझाही गेलेला नाही. पण त्या गोळ्या एका माणसासाठी होत्या आणि लागल्या मला, हे आता मला कळतं.

म्हणून एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी असा पेटून उठला असेल, तर त्याला त्या माणसाच्या दारात जाऊ देऊ नका. त्याला इथे घेऊन या. माझा मागचा दरवाजा अजून शाबूत आहे.