दुखतंय म्हणजे वाढतंय

सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ती मात्र बाबाच म्हणायची. त्यांच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं, ‘दुखतंय म्हणजे वाढतंय’. अक्षर त्यांचंच.

आज तेच बाबा तिच्या दवाखान्यात उघड्या अंगाने बसले होते. शर्टसुद्धा तिनेच काढला, कारण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. पोटची लेक फिजिओथेरपिस्ट, दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, तरी स्वारी चार महिने तेल चोळत बसली होती. त्यांचे केस विंचरून देता देता आई कंटाळली, तेव्हा कुठे आले.

तिने प्लास्टिकचा खांदा पुढे ओढला. ‘‘हे बघा. खोबण बशीसारखी उथळ, आणि त्यावर एवढा मोठा चेंडू. त्याला जागेवर धरतात चार लहान स्नायू. त्यातल्या वरच्याची दोरी या हाडाखालच्या फटीतून जाते. वजनाचा दांडा मानेमागून उचलत राहिलं की ती तिथे चिमटते. म्हणून आधी रबरी पट्टा ओढून हे स्नायू गरम करायचे, दांडा समोरून उचलायचा, कोपरं जरा पुढे ठेवायची.’’

बाबा मन लावून ऐकत होते. सोळाव्या वर्षी, वेटलिफ्टिंगच्या निवड चाचणीच्या तोंडावर, ‘बाबा, खांद्यात वर टोचतंय’ असं तिने रोज सांगितलं होतं. रोज त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून दांडा तिच्या मानेमागे ठेवला होता. शेवटी तिची तीच दोरी फाटली. ऑपरेशन झालं, वजन उचलणं सुटलं ते सुटलंच. बाबांनी मात्र चारचौघांत सांगितलं, पोरीत दमच नव्हता. बारा वर्षं ती त्यांच्या एका वाक्याची वाट बघत होती. चूक झाली, एवढंच. आता तरी म्हणतील.

बाबांनी मान डोलावली. ‘‘एवढं सगळं ठाऊक होतं, तर आधी बोलली का नाहीस? माझा खांदा वाचला असता ना!’’

घ्या! तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचीच चीड आली. पालथ्या घड्यावर पाणी. ती त्यांचं कोपर तळहातावर घेऊन हात हळूहळू वर नेऊ लागली.

‘‘टोचतंय गं,’’ ते कळवळले.

तिचा हात तिथल्या तिथे थांबला.

‘‘बरं झालं थांबलीस,’’ बाबा म्हणाले. ‘‘दुसरं कुणी असतं तर रेटलं असतं.’’

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘रेटलंच असतं.’’